गोदावरीचा त्रिभुज प्रदेश: आधी ट्रेमध्ये घडवा, मग नकाशावर वाचा

भूगोलाच्या परीक्षेत वर्षानुवर्षं येणारा एक प्रश्न आहे: पूर्ववाहिनी नद्या मुखाशी त्रिभुज प्रदेश तयार करतात, पश्चिमवाहिनी का करत नाहीत? पाठ केलेलं उत्तरही ठरलेलं असतं, पश्चिमेकडच्या नद्या वेगाने वाहतात म्हणून. मी नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते आणि या उत्तराला पूर्ण गुण देत नाही. ते फक्त नदीकडे बघतं, समुद्राकडे बघतच नाही. नदी किती गाळ आणते हा जमाखर्चातला जमेचा रकाना झाला. तो गाळ जिथे जाऊन बसतो ती जागा किती खोल आहे, किती रुंद आहे, तिथे लाटा आणि भरती-ओहोटी कशी आहे, हा दुसरा रकाना. दोन्ही भरल्याशिवाय किनारा पुढे सरकणार की मागे हटणार, हे सांगता येत नाही.

हे फळ्यावर सांगून मुलांना पटत नाही, घडवून दाखवलं की लगेच पटतं. म्हणून मी वापरते ती रीत इथे सविस्तर देते आहे. शाळेच्या पटांगणात किंवा घराच्या गच्चीवर सहज जमते, खर्च फार नाही, आणि वाळू धुऊन वाळवली की पुढच्या वर्षी तीच चालते.

सामान

पत्र्याचं काम करणाऱ्याकडून एक ट्रे करून घ्या: साधारण 120 सेंमी लांब, 75 सेंमी रुंद, 15 सेंमी खोल. एका आखूड बाजूला तळापासून 5 सेंमी आणि 10 सेंमी उंचीवर दोन भोकं पाडून त्यांना रबरी बुचं बसवा. ही बुचं म्हणजे तुमच्या समुद्राची पातळी. खालचं बूच काढलं की पाणी 5 सेंमीवर थांबतं, खालचं लावून वरचं काढलं की 10 वर. दोन बुचांमुळे खोली हव्या त्या आकड्यावर धरता येते, आणि सगळ्या प्रयोगाचा जीव त्यातच आहे. तो पत्रेवाला एकच भोक पुरेल म्हणेल, ऐकू नका.

नदीसाठी तीन इंची पीव्हीसी पाइपचा दोन फुटांचा तुकडा उभा कापून अर्धा घ्या. त्याचं एक टोक ट्रेच्या दुसऱ्या आखूड काठावर मधोमध टेकवा आणि वरच्या टोकाखाली एक वीट आडवी ठेवा. त्याच्या वर तोटी बसवलेली बादली. ट्रेमधून बाहेर पडणारं पाणी धरायला खाली दुसरी बादली, म्हणजे तेच पाणी फिरवून वापरता येतं. मराठवाड्यात हे सांगावं लागत नाही, तरी सांगते.

वाळू रव्याच्या चाळणीतून चाळलेली, बारीक आणि स्वच्छ धुतलेली. पाच-सहा लिटर पुरते. मोजायला एक वाटी, साधारण 100 मिलीची. शिवाय दोन-तीन रंगांची रांगोळी, लाकडाच्या दोन पट्ट्या, चार विटा आणि शेतातली मूठभर काळी माती.

पहिली फेरी: पुरवठा तोच, खोली बदला

खालचं बूच काढून ट्रे 5 सेंमीपर्यंत भरा. तोटी मिनिटाला चार लिटरच्या आसपास पाणी पडेल इतकी उघडा आणि दर मिनिटाला एक वाटी वाळू पाइपच्या वरच्या टोकाशी हळूहळू सोडा. हे काम एकाच मुलाकडे द्या. हात बदलला की पुरवठा बदलतो. दर दहा मिनिटांनी मुखाजवळ चिमूटभर रंगीत रांगोळी टाका, दर वेळी वेगळा रंग. चाळीस मिनिटांत चार लिटर वाळू ट्रेमध्ये गेलेली असेल.

आता नुसतं बघत राहा, यात घाई करू नका. पाइपमधून उडी घेतलेलं पाणी उभ्या पाण्यात शिरलं की त्याचा वेग एकदम मरतो आणि वाळू तिथेच बसते. मुखाच्या थोडं पुढे, बरोबर समोर, चंद्रकोरीसारखा एक उंचवटा तयार होतो. नदीने स्वतःच्याच वाटेत घातलेला हा अडथळा. पाणी मग त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंनी वाट काढतं, एकीचे दोन फाटे होतात, आणि प्रत्येक फाट्यासमोर पुन्हा नवा उंचवटा येतो. वितरिका कशा होतात ही व्याख्या पाठ करून घ्यायची गरज इथे संपते. थोड्या वेळाने एक फाटा वाळूने इतका भरतो की पाणी तो सोडून एकाएकी दुसऱ्या, सखल बाजूला वळतं. मुलं ओरडतात ती इथे. खऱ्या नदीने अशी वाट बदलायला शेकडो वर्षं जातात, इथे मिनिटभरात होतं.

चाळीस मिनिटांनी जमिनीचं क्षेत्रफळ मोजा. मग सगळं साफ करून वरच्या बुचाने, म्हणजे 10 सेंमी पाण्यात, तोच पुरवठा पुन्हा द्या. आकडे काय येतील याचा अंदाज आधीच फळ्यावर लिहून ठेवा. चार लिटर म्हणजे 4000 घनसेंमी वाळू. ती 5 सेंमी खोल पाण्यात पसरली तर सुमारे 800 चौरस सेंमी जमीन, म्हणजे मुखापासून 22-23 सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ. 10 सेंमी पाण्यात तीच वाळू फक्त 400 चौरस सेंमी जमीन करते, त्रिज्या 16 सेंमी. पुढच्या कडेला उतार असतो म्हणून मोजलेला आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण खोली दुप्पट झाली की जमीन निम्मी होते हे डोळ्यांनी दिसतं. नदी तीच, वेग तोच, गाळ तोच.

ट्रे साफ करण्याआधी, पाणी काढून टाकल्यावर, एक काम चुकवू नका. स्टीलची पट्टी उभी घालून ढिगाचा मधोमध छेद घ्या. वरती जवळपास आडवा पातळ थर, त्याखाली समुद्राकडे तिरके कलत गेलेले थर, आणि तळाशी पुन्हा आडवा पसरलेला बारीक भाग. रांगोळीचे रंग या तिरक्या थरांमध्ये एकामागोमाग एक उभे असतात: तांबडा सर्वांत आत, मग पिवळा, मग निळा. ढीग खालून वर चढत गेला नाही, तो पुढे पुढे सरकत गेला, हे त्या तीन रेषा सांगतात. अमेरिकन भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी 1880 च्या दशकात बॉनव्हिल या आटून गेलेल्या प्राचीन सरोवराच्या काठांवर हीच तीन थरांची रचना ओळखली. अशा त्रिभुज प्रदेशाला आजही त्यांचंच नाव आहे. मात्र मुलांना हेही सांगा की गोदावरीच्या मुखाशी इतका उभा उतार मिळणार नाही. तिथे वाळूबरोबर चिखल खूप आहे, त्यामुळे पुढचा उतार फार मंद असतो.

दुसरी फेरी: खोली तीच, आकार बदला

पुन्हा 5 सेंमी पाणी. या वेळी मुखापासून पुढे दोन्ही बाजूंना विटा आणि पट्ट्या लावून 20 सेंमी रुंदीची लांबट खाच करा. फटी काळ्या मातीने लिंपा. तोच पुरवठा द्या. वाळूला बाजूला पसरायला जागाच नाही, म्हणून ती सरळ पुढे धावते. 4000 ला 20 ने आणि 5 ने भागा: 40 सेंमी. उघड्या समुद्रात 22 सेंमी पुढे गेलेला किनारा चिंचोळ्या जागेत 40 सेंमी जातो.

इथे वर्गातला कोणीतरी हुशार मुलगा विचारतोच: मॅडम, मग कोकणातल्या चिंचोळ्या खाड्या केव्हाच भरून बाहेर यायला हव्या होत्या. प्रश्न फार चांगला आहे, त्याचं उत्तर मी पुढे दिलंय. तोपर्यंत त्याला पुरवठ्याचा रकाना आठवायला सांगा.

यात एक बदल करून बघा. ट्रेच्या तळाशी एक फरशी तिरकी ठेवून समुद्रतळ मुखाजवळ उथळ आणि पुढे खोल करा. सुरुवातीला किनारा झपाट्याने पुढे जातो आणि मग तेवढाच गाळ मिळत असूनही सुस्तावतो. पृथ्वीवर याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीचं आहे. तिचं आजचं मुख जवळजवळ भूखंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, काठाशी पोचलंय. समोर खोल पाणी असल्यामुळे तिथे पक्ष्याच्या पंजासारखे लांब, बारीक फाटे दिसतात, पसरट जमीन नाही. त्याच पाण्याचा एक हिस्सा अॅचाफलाया नदीतून पश्चिमेकडच्या उथळ उपसागरात जातो. तिथे 1941 च्या सुमारास पूर कमी करण्यासाठी वॅक्स लेक नावाचा कालवा खणला. 1973 च्या मोठ्या पुरानंतर त्या कालव्याच्या मुखाशी जमीन पाण्याबाहेर आली आणि आज तिथे पंख्यासारखा सुंदर त्रिभुज प्रदेश आहे. कोणी ठरवून केलेला नाही. पाणी एकाच नदीचं, समोरची जागा वेगळी. उपग्रहचित्रात दोन्ही शेजारी शेजारी बघा, यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

तिसरी फेरी: लाटा आणि भरती

पहिल्या फेरीसारखा उघड्या समुद्रात त्रिभुज प्रदेश करा आणि वाळू चालू असतानाच ट्रेच्या एका कोपऱ्यातून लाकडी पट्टी पाण्यात हलकेच वरखाली करा, साधारण सेकंदाला एकदा. पट्टी किनाऱ्याला समांतर धरू नका, तिरकी धरा. लाट अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठी नको, नाहीतर सगळंच उधळतं. पाच-सात मिनिटांत मुखाचे बाहेर आलेले फाटे बोथट होतात, कड गुळगुळीत होते, आणि वाळू लाटेच्या तिरक्या दिशेने किनाऱ्याकडेने सरकत जाऊन पलीकडच्या बाजूला दांडा, म्हणजे पाण्यात शिरलेला वाळूचा लांबट पट्टा, वाढू लागतो. या दांड्याकडे नीट लक्ष द्या. गोदावरीच्या नकाशावर तो पुन्हा भेटणार आहे.

भरतीसाठी खालचं आणि वरचं बूच आलटून पालटून उघडायचं आणि बादलीने पाणी वाढवायचं, दोन-तीन मिनिटांचा एक फेरा. ओहोटीचं परतणारं पाणी वाळूत चर पाडतं आणि उंचवटे मुखाला आडवे न राहता प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात. विटा नरसाळ्यासारख्या लावल्या तर हे जास्त ठळक दिसतं. खऱ्या आखातात नरसाळ्याच्या आकारामुळे भरतीची उंचीसुद्धा वाढते. ते इतक्या लहान ट्रेमध्ये होत नाही, तोंडी सांगावं लागतं.

शेवटची दहा मिनिटं सर्वांत महत्त्वाची. पाणी चालू ठेवा, लाटा चालू ठेवा, फक्त वाळू बंद करा. किनारा जागच्या जागी थांबत नाही. मुखाचं टोक सर्वांत आधी मागे येतं. तिथली वाळू लाटा बाजूला नेतात, त्यामुळे दांडा काही वेळ वाढतच राहतो. एकाच किनाऱ्यावर एका ठिकाणी धूप आणि दुसऱ्या ठिकाणी भर, आणि दोन्हीचं कारण एकच.

काळ्या मातीची बाटली

ट्रेमध्ये वाळूचं वागणं कळतं, पण गोदावरी आपल्याकडून जे नेते त्यात बारीक चिकणमाती भरपूर आहे. तिच्यासाठी वेगळा प्रयोग. दोन पारदर्शक बाटल्यांमध्ये एकेक लिटर पाणी आणि प्रत्येकी एक चमचा चाळलेली काळी माती घाला. एका बाटलीत दोन मोठे चमचे मीठ घाला, म्हणजे समुद्राइतकं खारं होईल. दोन्ही खूप हलवा आणि खिडकीत ठेवा. तासाभरात मिठाच्या बाटलीत वरचं पाणी निवळायला लागतं. दुसरी बाटली दुसऱ्या दिवशीही गढूळच असते.

पाणी पावसाचं किंवा फिल्टरचं घ्या. बोअरचं अजिबात नको. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की साधी बाटलीसुद्धा निवळू लागते आणि फरक दिसत नाही.

मातीचे बारीक कण गोड्या पाण्यात एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. दोन मायक्रॉनचा कण एकट्याने एक मीटर खाली यायला काही दिवस घेतो. खाऱ्या पाण्यात ते एकमेकांना चिकटून पुंजके होतात आणि भराभर बसतात. म्हणून चिखल अर्ध्या समुद्रात न जाता मुखाच्या आसपास, विशेषतः लाटांपासून आडोसा असलेल्या जागी साचतो.

नदीकाठी राहणाऱ्यांनी ऑगस्टच्या पुरात पुलावरून दोरीला बादली बांधून एक लिटर पाणी काढावं. घाटावर उतरू नये, पूर असताना मुलांना तर मुळीच उतरू देऊ नये. पाणी आटवून उरलेली माती वजनकाट्यावर मोजा, फेब्रुवारीच्या पाण्याची माती शेजारी ठेवा. वरच्या थरातलं पाणी घेतल्यामुळे आकडा खरा असतो त्यापेक्षा कमीच येतो, तरी पुरवठा पावसाळ्याच्या चार महिन्यांत एकवटलेला असतो हे कळायला तेवढं पुरतं.

आता नकाशा उघडा

गूगल अर्थ किंवा इस्रोचं भुवन, काहीही चालेल. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीपासून सुरुवात करा आणि नाशिक, पैठण, नांदेड करत नदीबरोबर खाली जा. 1465 किलोमीटरचा प्रवास आहे. आंध्रात पापिकोंडलूच्या डोंगरांत नदी एकदम चिंचोळी होते आणि पूर्व घाट ओलांडून राजमहेंद्रीजवळ मोकळी होते. त्याच्या जरा खाली दौलेश्वरमचा बंधारा दिसेल. ब्रिटिश अभियंते सर आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली तिथला पहिला बंधारा 1852 मध्ये पूर्ण झाला. बंधाऱ्याखाली गोदावरीचे गौतमी आणि वसिष्ठ असे दोन मुख्य फाटे होतात, वसिष्ठेतून पुढे वैनतेय फुटते. मधली हिरवीगार जमीन म्हणजे कोनसीमा. पूर्ण त्रिभुज प्रदेश पाच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे.

इतकी जमीन इथेच का झाली? जमेच्या रकान्यात तीन लाख चौरस किलोमीटरहून मोठं खोरं आणि त्यातली सहज झिजणारी दख्खनची काळी माती. समोरच्या जागेच्या रकान्यात उघडा किनारा, भरती-ओहोटीत जेमतेम दीड मीटरच्या आसपास फरक, आणि मुखाजवळ उथळ पाणी. हिमयुग ओसरताना समुद्र शंभर मीटरहून अधिक वर चढत आला आणि सुमारे सात हजार वर्षांपूर्वी त्याचं चढणं मंदावलं. त्यानंतर जगातल्या बहुतेक मोठ्या त्रिभुज प्रदेशांना पाय रोवायला मिळाले, गोदावरीलाही.

आता झूम करून किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या वाकड्या रेषा शोधा. आतल्या भागात नारळाच्या बागा आणि गावं लांबच लांब पट्ट्यांत वसलेली दिसतील, दोन पट्ट्यांच्या मध्ये भातखाचरं. प्रत्येक उंच पट्टा ही एके काळची पुळण आहे, म्हणजे तेव्हाचा किनारा. ट्रेमधल्या रांगोळीच्या रेषांचं काम इथे या पुळणरांगा करतात. एकामागोमाग त्या ट्रेसिंग पेपरवर काढा, किनारा कुठे जास्त सरकला ते अंतरावरून कळेल. पश्चिमेला गोदावरी आणि कृष्णा यांच्या त्रिभुज प्रदेशांच्या बेचक्यात कोल्लेरू सरोवर दिसेल. आज ते समुद्रापासून सुमारे 35 किलोमीटर आत आहे. दोन्ही बाजूंनी नद्यांनी जमीन पुढे नेली आणि मधला सखल भाग मागे अडकून पडला.

मग गौतमीच्या मुखाकडून उत्तरेला जा. समुद्रात उत्तरेकडे वळलेला एक लांब वाळूचा दांडा आहे, काकिनाड्याचा. गेल्या दोनेक शतकांत तो वाढलाय आणि लांबी सुमारे 18 किलोमीटर आहे. नैऋत्य मोसमी काळातल्या लाटा वाळू उत्तरेकडे ढकलतात, तिरक्या पट्टीने ट्रेमध्ये झालं तेच. त्या दांड्यामागे काकिनाड्याचा उपसागर आडोशाला आला, तिथे चिखल बसला आणि कोरिंगाचं कांदळवन वाढलं. नदीने आणलेल्या गाळाने समुद्राचा आकार बदलला आणि त्या बदललेल्या आकाराने पुढचा गाळ कुठे बसायचा ते ठरवलं. माझ्या मते या सबंध विषयातली सर्वांत देखणी गोष्ट ही आहे.

दांड्याच्या टोकापलीकडे उत्तरेला उप्पाडा नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथे समुद्र वर्षानुवर्षं घरं, रस्ता खात आलाय. दक्षिणेकडून येणारी वाळू दांड्यातच अडकते आणि दांड्याला वळसा घालणाऱ्या लाटा तिथे येऊन आपटतात.

पश्चिम किनाऱ्याचं उत्तर

नर्मदा गाळात गरीब नव्हती. पण ती खंबातच्या नरसाळ्यासारख्या आखाताला मिळते. भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक मोठ्या भरतीला दहा मीटरवर जातो. इतकं पाणी दिवसातून दोनदा आतबाहेर करतं तिथे गाळ बसतो, उचलला जातो, पुन्हा बसतो. मुखाशी आलियाबेटासारखी बेटं आणि आखातात प्रवाहाच्या दिशेने लांबट झालेले वाळूचे उंचवटे दिसतात. शिवाय बाहेरचा भूखंडमंच मुंबईच्या समोर तीनशे किलोमीटरच्या घरात रुंद आहे. गाळ गेला कुठे, असं विचारू नका. तो आहे, पसरून आहे, पाण्याखाली आहे.

कोकणाचं गणित वेगळं. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या सह्याद्रीतून निघून थोडंच अंतर वाहून समुद्राला मिळतात, त्यांची खोरी चिमुकली. समुद्र वर चढला तेव्हा त्यांच्या दऱ्या बुडाल्या आणि बाणकोट, दाभोळ, जयगडच्या खाड्या झाल्या. त्या खाड्या भरण्याचं काम अजून चालूच आहे. त्या हुशार मुलाचं उत्तर हेच: जागा चिंचोळी आहे, पण पुरवठा तुटपुंजा आहे आणि भरायची खाच खोल होती. खाडी भरल्याशिवाय नदीला बाहेर जमीन करायची सवड मिळत नाही. दाभोळच्या खाडीतून चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत एके काळी गलबतं येत, ती खाडी गाळाने उथळ होत गेली. 2021 च्या महापुरानंतर वाशिष्ठीतला गाळ उपसायचं काम हाती घ्यावं लागलं. कोकणातला त्रिभुज प्रदेश शोधायचा तर खाडीच्या आत शोधा, खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीच्या जमिनीत.

गंगा-ब्रह्मपुत्रेचं एक वाक्यात: वर्षाला सुमारे शंभर कोटी टन गाळ येतो, तरी त्यातला अंदाजे एक तृतीयांश स्वॉच ऑफ नो ग्राउंड या पाण्याखालच्या खोल घळईत उतरून बंगालच्या उपसागराच्या तळाशी जातो. समुद्रतळाचा आकार असाही हिस्सा काढून घेतो.

पुरवठ्याचा हिशेब मांडा

हे गणित मी परीक्षेत आवर्जून घालते. 1970 च्या दशकात गोदावरी वर्षाला सरासरी सुमारे 15 कोटी टन गाळ समुद्राकडे नेत होती. 1990 च्या दशकात तो आकडा सहा कोटींच्याही खाली आला. बसलेल्या गाळाच्या एका घनमीटरचं वजन दीड टन धरा. 15 कोटी टन म्हणजे 10 कोटी घनमीटर. दहा मीटर खोल समुद्रात तो सगळाच्या सगळा बसला तर वर्षाला जास्तीत जास्त 10 चौरस किलोमीटर जमीन. पन्नास मीटर खोलीत 2 चौरस किलोमीटर. सहा कोटी टनांचं 4 कोटी घनमीटर, दहा मीटर खोलीत 4 चौरस किलोमीटर. प्रत्यक्षात लाटा मोठा हिस्सा उचलतात आणि बसलेला चिखल दबून खचत जातो, त्यामुळे खरी भर यापेक्षा पुष्कळ कमी असते. खर्च तेवढाच राहिला आणि जमा निम्म्याहून खाली आली की शिल्लक उणे होते. गोदावरीच्या मुखांजवळची धूप नेमकी तीच आहे.

हा गाळ कुठे राहिला ते आपल्याला ठाऊक आहे. 1976 मध्ये पूर्ण झालेलं जायकवाडी, त्याखाली विष्णुपुरी, तेलंगणातलं श्रीरामसागर, आणि उपनद्यांवरची असंख्य धरणं. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेत उन्हाळ्यात तलावातून ट्रॅक्टर भरभरून जो काळा गाळ शेतात टाकतात, तो वाटेत अडला नसता तर त्याचा काही भाग कोनसीमेपर्यंत गेला असता. शेतकऱ्याने तो उचलू नये असं मी म्हणणार नाही, मीही शेतकऱ्याचीच मुलगी आहे आणि त्या मातीत कापूस कसा येतो ते मला माहीत आहे. पण वरच्या खोऱ्यातल्या धरणाचा खर्च मांडताना खालच्या किनाऱ्याचा रकाना कोरा ठेवतात, ते मला मान्य नाही. पापिकोंडलूच्या पायथ्याशी पोलावरमचं मोठं धरण उभं राहतंय, त्यामुळे हा रकाना आणखी महत्त्वाचा होणार आहे.

धूप मोजायची रीत

गूगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये 1984 पासूनची चित्रं आहेत. ती कल यावा म्हणून बघा. मोजमाप मात्र तारीख असलेल्या जुन्या चित्रांवरच करा. फेब्रुवारी-मार्चची निवडा. तेव्हा ढग नसतात, पूर नसतो आणि सगळ्या वर्षांचा ऋतू सारखा राहतो. पाण्याची कड मोजू नका, भरती-ओहोटीने ती रोज हलते. झाडोऱ्याची कड मोजा. वसिष्ठेच्या मुखाशी अंतर्वेदीचं मंदिर किंवा दुसरी एखादी न हलणारी जुनी इमारत धरा, तिथून समुद्राच्या दिशेने झाडोऱ्यापर्यंत रूलरने अंतर घ्या. तीच रेघ प्रत्येक वर्षी, तीच दिशा. एका मुखाशी मोजून थांबू नका. गौतमीचं मुख, मधला सरळ किनारा, काकिनाड्याच्या दांड्याचं टोक आणि उप्पाडा, अशी निदान चार ठिकाणं घ्या आणि वजा-अधिक चिन्हांसकट एकाच तक्त्यात लिहा. दांड्याचा अधिक आकडा एकटा बघितला तर किनारा वाढतोय असं वाटेल.

जूनमध्ये वर्ग सुरू झाले की मी पहिल्या महिन्यातच हा तक्ता मुलांकडून भरून घेते आणि ट्रे त्यानंतर काढते. उलट क्रमानेही चालतं. मुलं लहान असतील तर आधी ट्रेच काढा.